पोलिसांकडे जाणारी नेपाळी मजुरांची यादी आरोग्य केंद्राकडे पण जाऊ दे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी सीझनच्या सुरुवातीला तुमच्या पेपरात हापूसच्या पहिल्या पेटीची बातमी येते. पेटीला हार घातलेला, अगरबत्ती लावलेली, बागायतदार आणि वाशी मार्केटमधले व्यापारी पेटीला हात लावून उभे, आणि खाली पेटीला भाव काय मिळाला ते. आमच्याकडे ती बातमी घरातले सगळे वाचतात, मी पण वाचते, कारण आमची स्वतःची पावसच्या बाजूला दोनशे सव्वादोनशे कलमं आहेत आणि भाव काय फुटला यावर आमचं पुढचं वर्ष ठरतं. पण ती पेटी झाडावरनं उतरवली कोणी, थंडीत पहाटे उठून मोहोरावर फवारणी केली कोणी, रात्री बॅटरी घेऊन माकडं आणि चोर कोणी हाकलले, ते त्या फोटोत कधीच नसतं. रत्नागिरी काय, देवगड काय, बागेत हे काम करणारा माणूस आता बहुतेक ठिकाणी नेपाळी आहे. त्याच्याबद्दल लिहायचं बरीच वर्षं मनात होतं, आज लिहितेय, लांबलं तर माफ करा आणि शक्य असेल तर न कापता छापा.

आमच्याकडे जो माणूस अठरा वर्षं येत होता तो नेपाळच्या अछाम जिल्ह्यातला. आम्ही त्याला दाजू म्हणतो, त्यांच्यात थोरल्या भावाला दाजू म्हणतात. पहिली चार-पाच वर्षं आम्ही त्याला बहादूर म्हणत होतो, शेजारच्या बागेतला पण बहादूर, त्याच्या पलीकडचा पण बहादूर, आणि त्याचं खरं नाव मला कधी कळलं तर पोलीस स्टेशनला द्यायच्या फॉर्मवर लिहिताना. त्याची मला आजही लाज वाटते. दसरा दिवाळी, म्हणजे त्यांचं दशैं तिहार उरकलं की तो निघायचा. गावापासून साफेबगरपर्यंत चालत, तिथनं बसने डोटी, डडेलधुरा करत खाली महेंद्रनगर, मग बनबसाला बॉर्डर ओलांडून दिल्ली आणि दिल्लीहून मंगला एक्सप्रेसने रत्नागिरी. पाच दिवस कधी सहा दिवस. सोबत बायको, पुढे पुढे पोरगा पण. आणि मे संपता संपता, पहिला पाऊस पडायच्या आत, परत त्याच रस्त्याने. त्यांच्या भागात भारतात कामाला जाण्याला कालापहाडला जाणं म्हणतात असं त्यानेच सांगितलं. जुनी माणसं लाहूरला जाणं पण म्हणत, रणजितसिंहाच्या फौजेत भरती व्हायला गोरखे लाहोरला जात तेव्हापासूनचा तो शब्द आहे. म्हणजे हे काही काल-परवा सुरू झालेलं नाही, पिढ्यान् पिढ्या चाललंय.

आपल्या कोकणाला हे नवीन वाटायचं खरं तर कारणच नाही. माझ्या आजेसासऱ्यांची अख्खी पिढी मुंबईला गिरणीत गेली, गाव मनिऑर्डरवर जगलं, दर महिन्याला पोस्टमनची वाट बघायची आणि पैसे आले की दुकानदाराची उधारी द्यायची. सासरे सांगायचे त्यांचे एक काका गिरणीतनं छातीचा आजार घेऊन परत आले आणि मागच्या पडवीत वेगळ्या ताटवाटीत जेवून दोन वर्षांत गेले. चाकरमानी म्हणजे काय हे ज्यांच्या घराने बघितलंय त्या आपण बागेतल्या मांगरात, म्हणजे झोपडीवजा खोपटात, राहणाऱ्या माणसाला ओळखायला इतका वेळ का लावतो?

आता थोडं हिशोबाचं सांगते कारण लोकांना वाटतं नेपाळी माणूस इथून गठ्ठे घेऊन जातो. आमच्याकडे महिना 13 हजार आणि शिधा, तांदूळ, डाळ, तेल, चहासाखर. सात महिने धरले तर 91 हजार. आपले 100 म्हणजे तिकडचे 160, हा रेट 1993 पासून तसाच बांधलेला आहे, त्यामुळे नेपाळी रुपयात आकडा मोठा दिसतो. पण त्यातले 25 हजार त्याने निघायच्या आधीच उचल म्हणून घेतलेले असतात, दशैंला घरात कपडे, बोकड, आणि गावातल्या सावकाराचं व्याज. व्याज शेकडा तीन रुपये महिना, म्हणजे वर्षाला 36 टक्के. थोरल्या मुलीच्या लग्नाचं कर्ज होतं ते मी बघत असताना सात सीझन फिटत होतं. उरलेल्यातनं येण्याजाण्याचं भाडं, इथे आजारपण, आणि घरी चार महिन्यांचं धान्य, कारण डोंगरातल्या शेतीत वर्षाचं पिकत नाही. शिल्लक म्हणावी अशी शिल्लक मी कधी बघितली नाही.

आणि ते पैसे घरी न्यायचे कसे हा आणखी एक जीवाला घोर. बँकेतनं नेपाळला पैसे पाठवायची सोय रिझर्व्ह बँकेने 2008 मधेच केलेली आहे, पण ते आमच्यासारख्या बागायतदारांना तरी कुठे माहीत होतं, मला 2019 मधे कळलं आणि ते पण बँकेतल्या एका मॅडमने आपणहून सांगितलं म्हणून. तोपर्यंत दाजू काय करायचा, सगळी रोकड बायकोच्या चोळीत आणि स्वतःच्या पँटच्या आत शिवलेल्या खिशात. दिल्लीच्या गाडीत, पुढच्या बसमधे या लोकांना चहाबिस्किटातनं गुंगीचं औषध देऊन लुटणं हा तर धंदाच झालेला आहे, प्रत्येक बागेत असा एकतरी लुटलेला माणूस भेटेल. त्यात नोव्हेंबर 2016 ची नोटबंदी. आपल्याला निदान बँकेच्या लाईनीत उभं राहता आलं. दाजूने मे महिन्यात नेलेल्या पाचशेच्या 14 नोटा घरी पेटीत ठेवलेल्या होत्या, पोरीच्या लग्नासाठी, त्या तशाच राहिल्या. नेपाळच्या बँकांत अडकलेल्या जुन्या नोटांचं दोन सरकारांमधे नुसतं बोलणंच चालू राहिलं, घराघरातल्या नोटांना तर कोण विचारतो. 7 हजार रुपये. पुढे डिसेंबर 2018 मधे नेपाळ सरकारने शंभरच्या वरच्या भारतीय नोटांवरच बंदी घातली, मग मे महिन्यात सगळ्या नेपाळ्यांची शंभरच्या नोटा गोळा करायची धडपड, किराणा दुकानदार पण वैतागायचे.

पण पैशापेक्षा मला तब्येतीचं जास्त लिहायचंय.

फेब्रुवारी 2023. मोहोर संपून कैरी धरली होती. दाजू संध्याकाळी ओटीवर आला आणि म्हणाला, वैनी, खोकला थांबत नाय. मी विचारलं किती दिवस, तर म्हणाला दिवाळीपासून. दिवाळीपासून! म्हणजे तीन महिने हा माणूस खोकत फवारण्या करत होता, झाडावर चढत होता, आणि मी रोज त्याला बघत होते. नीट बघितलं तर शर्ट खांद्यावरनं लोंबत होता. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले, बेडका तपासला, टीबी निघाला. औषधं फुकट मिळाली, सहा महिन्यांचा कोर्स, पहिले दोन महिने चार औषधं आणि मग पुढे चार महिने. तिथली माणसं चांगली वागली हे मला मुद्दाम सांगायचंय. पहिल्या आठवड्यात तो घाबरून आला, लघवी लाल होतेय म्हणून, त्याला वाटलं रक्त जातंय, गोळ्या बंद करणार होता. मी फोन करून विचारलं तर ते त्या गोळीचंच असतं, काळजी करू नका म्हणाले. नवराबायकोला एकाच मांगरात राहायचं, खिडकी एक, चूल आतच. बायकोची पण तपासणी केली, ती सुटली नशिबाने.

टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार तेव्हा महिना 500 रुपये देत होतं, आता 2024 च्या नोव्हेंबरपासून ते 1000 झालेत. पण ते बँक खात्यात येतात. दाजूचं खातं नाही. खात्याला कागद हवेत, त्याच्याकडे प्लास्टिकमधे गुंडाळलेली नेपाळची नागरिकता, तेवढंच. आधार काढायचा तर बारा महिन्यांत 182 दिवसांचा मुक्काम दाखवायचा, नेपाळी वकिलातीचा कागद आणायचा, दिल्लीला. कुठे जाणार तो. तर ते पैसे आलेच नाहीत. अंडी आणि दूध आम्ही दिलं, ते सांगण्यासारखं नाही, अठरा वर्षं ज्याने आमची बाग राखली त्याला दिलं तर काय झालं.

खरा घोळ पुढेच आहे. फेब्रुवारीत सुरू झालेला कोर्स ऑगस्टमधे संपणार, आणि सीझन संपतो मे मधे. मांगराला पावसाळ्यात गळती, काम नाही, घरी भातलावणीला माणूस हवा, तो थांबणार कसा. निघताना पुढच्या गोळ्या मिळाल्या, कागद पण मिळाला, पण त्या कागदावर तिकडच्या कुठल्या दवाखान्यात जायचं हे लिहायला जागाच नव्हती, कारण आपली टीबीची नोंद ठेवणारी सिस्टीम आपल्या देशापुरती. पुण्याचा पेशंट नागपूरला गेला तर कॉम्प्युटरवर दिसतो. बनबसाचा पूल ओलांडला की दिसेनासा होतो. तिकडे नेपाळमधेही टीबीचे उपचार फुकट आहेत, अछाममधे बयलपाटाला चांगलं हॉस्पिटल आहे, म्हणजे औषध या बाजूला पण आहे आणि त्या बाजूला पण आहे, मधे कागदच नाही. दिल्लीहून बनबसाच्या बसमधे त्याची पिशवी चोरीला गेली. चोराने कपडे समजून नेली असेल, त्यात गोळ्या होत्या. गावी पोचल्यावर त्याला बरं वाटत होतं, खोकला थांबला होता, लावणीचे दिवस होते, दवाखाना पाच तासांवर. त्याने सोडून दिलं.

नोव्हेंबरमधे तो आलाच नाही, पोरगा आला एकटा. म्हणाला बाबाला परत रक्त पडायला लागलं, आता साध्या गोळ्या चालत नाहीत असं डॉक्टर म्हणतात. आज तो जिवंत आहे, फोनवर बोलतो, पण चढाचा रस्ता चालत नाही. वय पन्नाशीच्या आतलं.

हे फक्त आमच्याच बागेत झालं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं, देवाला नमस्कार करून गप्प बसले असते. दाजूच्याच जिल्ह्यात एड्सला एके काळी बम्बई रोग म्हणायचे. विचार करा, आपल्या शहराचं नाव आजाराला. मुंबईला कमवायला गेलेले पुरुष आजार घेऊन परत गेले, बायकांना दिला, आणि बायका विधवा झाल्यावर गावाने त्यांनाच नावं ठेवली. आता दोन्हीकडे औषधं मोफत मिळतात, आपल्याकडे तपासणी पण मोफत, आणि ती गुप्त ठेवायची असा 2017 चा कायदाच आहे. पण गोळ्या रोज, आयुष्यभर घ्यायच्या, आणि माणूस वर्षात दोनदा देश बदलतो. मलेरियाचं पण तेच. नेपाळने मलेरिया जवळजवळ संपवत आणलाय, आता तिथे जे पेशंट सापडतात त्यातले बहुतेक बाहेरून आलेले, आणि बाहेरून म्हणजे मुख्यतः भारतातून. आपल्याकडच्या बांधकामांवरच्या टाक्यांमधले डास त्यांना चावतात, 14 दिवसांच्या गोळ्या असतात त्यातल्या चार दिवस घेऊन ताप उतरला की माणूस गाडीत बसतो, आणि तो आजार अछाम, डोटी, कैलालीत जाऊन उतरतो.

बागेतलं काम म्हणजे काय ते ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सकाळी साडेसहाला 200 लिटरच्या बॅरलमधे पाणी, त्यात तुडतुड्याचं औषध, भुरीचं औषध, आणि हल्ली थ्रिप्सने, म्हणजे फुलकिड्याने, वेड लावलंय म्हणून त्याचं तिसरं. काठीने ढवळायचं. काठी नसली तर, हो मी बघितलंय, हाताने. मग पंप चालू करून एकजण गन घेऊन झाडावर, तोंडाला गमछा. खालून वर मारलेलं सगळं त्याच्याच अंगावर परत येतं. दुपारी अकराला खाली उतरतो तेव्हा पापण्यांवर, भुवयांवर पांढरट थर असतो, आणि तसाच बसून भाकरीला हात घालतो. डोकं दुखतं, मळमळतं, त्याला ते लोक औषध लागलं म्हणतात, लिंबू पाणी पितात आणि झोपतात. यवतमाळात 2017 साली फवारणीने 20 हून जास्त शेतकरी, शेतमजूर मेले तेव्हा सगळ्या महाराष्ट्रात ओरड झाली, चौकशी बसली. आमच्याकडे पण वर्षाला इतक्या फवारण्या होतात, आमच्याकडच्यांचं काय होतं ते कळतच नाही, कारण त्याला त्रास पाच वर्षांनी झाला तर तो अछाममधे होणार. आम्ही तीन वर्षांपासून मास्क, चष्मा, हातमोजे घेतो. मास्कमधे घाम येतो म्हणून काढून ठेवतात, मग मीच सकाळी बागेत जाऊन उभी राहते. साबण आणि पाण्याची बादली पंपाशेजारी ठेवायची, हात तोंड धुतल्याशिवाय भाकरी नाही, एवढ्यानेही फरक पडलाय.

विंचू आणि फुरसं हे तर आपल्या कातळावरचे कायमचे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार दाखवला आणि कोकणातली किती माणसं वाचली, 2022 मधे त्यांना पद्मश्री मिळाली, आपल्या गावकऱ्यांना आता माहीत आहे की विंचू चावला की मंत्र नाही, दवाखाना. पण नेपाळमधल्या बझांगहून पहिल्यांदाच आलेल्या विशीतल्या पोराला हे कोण सांगतं? त्याच्याकडे डोंगरात असला विंचूच नाही.

आणि झाडावरनं पडणं. आमच्या जवळच्याच एका बागेत दोन वर्षांपूर्वी एप्रिलमधे एक मुलगा फांदी मोडून पडला, खाली कातळ, मणका गेला. सरकारी दवाखान्यात पहिले उपचार झाले, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून सगळ्यांना मोफत आहे ते खरंच उपयोगी पडलं. पण ऑपरेशनला मोठ्या शहरात न्यायचं ठरलं तेव्हा तिथल्या एका खासगी हॉस्पिटलने आधी डिपॉझिट मागितलं. महात्मा फुले योजनेत बसवा म्हटलं तर रेशनकार्ड किंवा डोमिसाइल. गोपीनाथ मुंडे अपघात योजना आहे, 2 लाखांपर्यंत मिळतात, पण ती ज्याच्या नावावर जमीन आहे त्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. म्हणजे झाड माझं असल्याने मी पडले तर पैसे मिळतील, पण मी तर झाडावर चढतच नाही. ई-श्रम कार्ड आधारशिवाय नाही. स्थलांतरित मजुरांचा 1979 चा जो कायदा आपल्याकडे इतकी वर्षं होता तो पण एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी, देशातनं देशात येणाऱ्यांचा त्यात विचारच नव्हता. शेवटी बागायतदाराने काही घातले, आजूबाजूच्या बागांतल्या नेपाळ्यांनी शंभर दोनशे करत वर्गणी काढली, आणि तीन महिन्यांनी त्याला गाडीत आडवा घालून नेला.

तुम्ही म्हणाल त्याच्या सरकारने बघावं. तिकडचं पण मी विचारून घेतलंय. नेपाळमधनं कोणी कतारला, मलेशियाला गेला तर त्याला सरकारची परवानगी, श्रम स्वीकृती, घ्यावी लागते, त्यासाठी विमा उतरवावा लागतो, निधीत पैसे भरले जातात, आणि तिथे बरंवाईट झालं तर घरच्यांना काही रक्कम मिळते. भारतात यायला असली परवानगी लागत नाही. 31 जुलै 1950 चा दोन देशांमधला मैत्री करार आहे, त्याच्या सातव्या कलमाने राहायला, व्यापार करायला, हिंडाफिरायला मोकळीक आहे. ही मोकळीक मोठी गोष्ट आहे आणि ती राहायलाच हवी, बिहारमधले गवंडी आणि भाजीवाले पण काठमांडूत याच मोकळिकीवर पोट भरतात. पण परवानगी लागत नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून विमा नाही, निधी नाही, काहीच नाही. नेपाळच्या 2011 च्या जनगणनेत 19 लाखांहून जास्त माणसं देशाबाहेर होती आणि त्यातली 37 टक्क्यांहून जास्त भारतात. 2021 मधे बाहेरची संख्या जवळपास 22 लाखांवर गेली. म्हणजे सगळ्यात गरीब जिल्ह्यांतला, ज्याच्याकडे कतारच्या एजंटाला द्यायला पैसे नाहीत तो माणूस भारतात येतो आणि त्यालाच दोन्हीकडनं काही नाही.

मार्च 2020 मधे तर हे उघडंच पडलं. आधी नेपाळने लॉकडाऊन केला आणि एका दिवसाने आपण, बॉर्डर बंद, आणि नेपाळने स्वतःच्याच माणसांना आत घेणं थांबवलं. बॉर्डरवरच्या धारचुल्याला काही जणांनी महाकाली नदीत उड्या टाकल्या, पोहून आपल्या देशात जायला. दाजूचा मेव्हणा दिल्लीहून निघालेला, तो बनबसाला अडकला, रोज फोन करून रडायचा. आमच्याकडचे इथेच होते, त्या वर्षी आम्ही पेट्या कशाबशा थेट गिऱ्हाइकांना पोचवल्या आणि नंतर 3 जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा ही सहा माणसं आमच्या माजघरात होती. त्या रात्री माझ्या सासूबाईंनी, ज्यांनी आयुष्यभर त्यांना पडवीच्या आत घेतलं नव्हतं, स्वतः उठून त्यांना पेज करून वाढली.

आता माझं म्हणणं काय ते सांगते, फार मोठं नाहीये. बागेत नेपाळी माणूस ठेवला की आम्ही बागायतदार त्याची माहिती पोलीस स्टेशनला देतो. फोटो, नागरिकतेची झेरॉक्स, गाव, जिल्हा, सोबत कोण, फोन नंबर. चोरी झाली, काही झालं तर माणूस सापडावा म्हणून. ते बरोबरच आहे, मिरकरवाडा बंदरात बोटींवर जे नेपाळी खलाशी आहेत त्यांची पण अशी माहिती द्यावी लागते. म्हणजे दर ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे तालुक्यातल्या जवळजवळ सगळ्या नेपाळी माणसांची यादी सरकारच्या एका टेबलावर तयार असते. हीच यादी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे का जाऊ नये? आशाताई गावात घरोघर जातात, मांगर त्यांच्या वहीत नाहीत म्हणून त्या बागेत जात नाहीत, यादी मिळाली तर जातील. आल्या आल्या छातीचा फोटो, बेडका, बीपी, शुगर, ज्याला हवी त्याला एचआयव्हीची तपासणी, सोबतच्या लहान पोरांचे राहिलेले डोस, बाई गरोदर असेल तर तिची नोंद. नोव्हेंबरमधे टीबी सापडला तर सहा महिन्यांचा कोर्स मे मधे इथेच पुरा होतो. एवढं साधं गणित आहे ते. दाजूचा दिवाळीचा खोकला दिवाळीत कोणी ऐकला असता तर तो ऑगस्टवर गेलाच नसता.

आणि जाताना प्रत्येकाच्या हातात एक कार्ड. नेपाळी भाषा पण देवनागरीतच लिहितात, म्हणजे आपल्या सिस्टरने लिहिलेलं साफेबगरचा कंपाउंडर वाचू शकतो. आजार, औषधाचं नाव, किती दिवस झाले, किती राहिले, आणि इथल्या दवाखान्याचा फोन नंबर. दिल्ली आणि काठमांडूत मोठे करार होतील तेव्हा होवोत, कार्ड छापायला कराराची वाट बघायला नको.

विम्याचं बागायतदारांनीच करायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. मी हे एका मीटिंगमधे बोलले तर एकजण म्हणाले, वहिनी, आम्हीच कर्जात आहोत, अवकाळी, थ्रिप्स, औषधांचे भाव. खरं आहे, आम्ही पण कर्जात आहोत. पण पेटीमागे 5 रुपये बाजूला काढले तर आमच्या 600 पेट्यांच्या बागेत 3 हजार होतात, आणि सगळ्या बागांनी मिळून अपघाताचा ग्रुप विमा केला तर मला नाही वाटत ते कोणाला जड जाईल. पेटीवरच्या स्टिकरला आणि आतल्या कागदी कात्रणांना आपण याहून जास्त खर्च करतो. मुंबईपुण्यात पेटी घेणाऱ्या वाचकांना पण माझी विनंती आहे, बागायतदाराकडनं थेट आंबा घेताना भाव पाडून मागता तसं एकदा विचारा, तुमच्याकडची माणसं विम्यात आहेत का. गिऱ्हाइकाने विचारलं की बागायतदार करतो, केमिकलने पिकवलेला आहे का हे विचारायला लागलात तेव्हा फरक पडलाच ना.

आमची माणसं येत्या मंगळवारी निघतायत. शेवटचा आंबा उतरवून झालाय, मांगरातली भांडी घासून पालथी घातलीत. पैसे यंदा बँकेतनं गेलेत, वाटखर्चापुरती रोकड सोबत. दाजूसाठी आंबापोळी आणि थोडी कुळथाची पिठी बांधून दिलीये. पोरगा परवा ओटीवर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, वैनी, माझा पण छातीचा फोटो काढून बघायचा का जायच्या आधी. काल घेऊन गेले. साफ आहे. तो कागद त्याने नागरिकतेच्या प्लास्टिकमधेच घातलाय, पँटच्या आतल्या खिशात, आणि एक झेरॉक्स मी माझ्याकडे ठेवलीये, ऑक्टोबरसाठी.

आपली,
एक बागायतदार
पावस, ता. जि. रत्नागिरी